जुन्या संगणकाला नवा सोबती

इ. स. १०८६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्याची एक मोठी मोजणी करवून घेतली. कोणत्या गावात किती जमीन लागवडीखाली आहे, नांगर किती, पाणचक्क्या किती, जमिनीचा ताबा कोणाकडे, हे सारे चर्मपत्रावर शाईने लिहिले गेले. हा ग्रंथ ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात तो जपून ठेवलेला आहे आणि लॅटिन जाणणाऱ्या माणसाला तो आजही वाचता येतो.

बरोबर नऊशे वर्षांनी, १९८६ साली, बी.बी.सी. या संस्थेने याच मोजणीची नवी आवृत्ती तयार केली. या वेळी शाई आणि चर्मपत्र नव्हते. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे तुकडे पाडले गेले आणि त्या त्या भागातील शाळांना व रहिवाशांना आपल्या परिसराविषयी लिहायला सांगितले गेले. दहा लाखांहून अधिक लोकांनी या कामाला हातभार लावला. त्यांत शाळकरी मुलामुलींची संख्या मोठी होती. हा सारा मजकूर, छायाचित्रे आणि नकाशे लेसर किरणांनी वाचल्या जाणाऱ्या दोन मोठ्या तबकड्यांवर साठवले गेले.

पुढे काय झाले? पंधरा-सोळा वर्षांतच ही नवी मोजणी वाचता येणे दुरापास्त होऊ लागले. तबकड्या काही झिजल्या नव्हत्या. पण त्या वाचायला एका खास बनावटीचे वाचनयंत्र लागे, ते यंत्र चालवायला बी.बी.सी. मास्टर नावाचा संगणक लागे, आणि या दोघांना जोडणारे खास विद्युत्मंडल लागे. ही सारी यंत्रे बाजारातून नाहीशी झाली होती. उरलेल्यांपैकी एकेक बंद पडत होते. पेटी शाबूत, ऐवज शाबूत, पण किल्ली हरवली, अशी ही अवस्था होती.

मित्रांनो, हरवलेली किल्ली नव्याने घडवता येते का? येते. ती कशी घडवतात, हे आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी आपल्याला चाळीस वर्षांपूर्वीचा एक संगणक आणि आजची एक विलक्षण चिप, अशा दोघांची ओळख करून घ्यावी लागेल.

शाळेतला संगणक

इंग्लंडमधील केंब्रिज शहरातील एकॉर्न या कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात ‘बी.बी.सी. मायक्रो’ नावाचा संगणक बाजारात आणला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याच्या रचनाकारांतील प्रमुख होत. त्याचे हृदय म्हणजे ६५०२ नावाचा प्रक्रियक. तो सेकंदाला वीस लाख स्पंदांच्या तालावर चाले. त्याच्या ‘बी’ या नमुन्यात ३२ किलोबाइट स्मृती होती. आजच्या मोबाइल फोनमधील एका साध्या छायाचित्रालाही एवढी जागा पुरत नाही.

या संगणकाचा आपल्या देशाशीही संबंध आला. भारत सरकारने १९८४ साली शाळांमध्ये संगणकाचे शिक्षण देण्यासाठी ‘क्लास’ नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना देण्यात आलेला संगणक हाच होता. चंदीगडजवळच्या मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. तुमच्या शिक्षकांपैकी कोणी आयुष्यातील पहिली कळ या यंत्रावर दाबली असेल, तर त्यांना जरूर विचारा.

बी.बी.सी. मायक्रोचे खरे वैशिष्ट्य त्याच्या वेगात नव्हते, तर त्याच्या मोकळेपणात होते. त्याच्या पोटाखाली अनेक जोडण्या होत्या. ‘माझ्यात जे नाही ते बाहेरून जोडा,’ असेच जणू तो म्हणत असे. यांतील एका जोडणीतून तर त्याला दुसरा प्रक्रियकही लावता येई. २६ एप्रिल १९८५ रोजी एकॉर्नने बनवलेला ‘आर्म’ हा नवा प्रक्रियक प्रथम चालला, तो याच जोडणीतून बी.बी.सी. मायक्रोला लावून. त्या प्रक्रियकाचे वंशज आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये आहेत. बाहेरून जोडता येण्याची सोय किती दूरवर नेऊ शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

पेठ क्रमांक आणि घर क्रमांक

संगणकाला बाहेरचे यंत्र जोडायचे म्हणजे नेमके काय करायचे? त्यासाठी ‘बस’ समजून घ्यायला हवी. ही बस रस्त्यावरची नव्हे. प्रक्रियक, स्मृती आणि इतर भाग यांना जोडणाऱ्या समाईक तारांच्या जुडग्याला बस म्हणतात.

या तारांचे तीन गट असतात. पहिला गट पत्त्याचा. ६५०२ ला पत्त्याच्या १६ तारा आहेत. प्रत्येक तारेवर ० किंवा १ असू शकते. म्हणून एकूण पत्ते २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६. दुसरा गट माहितीचा. त्यात आठ तारा असतात. तिसरा गट नियंत्रणाचा. प्रक्रियकाला वाचायचे आहे की लिहायचे आहे, आणि ते कोणत्या क्षणी, हे त्या तारा सांगतात.

६५,५३६ घरांचे एक गाव आहे, अशी कल्पना करा. गावात २५६ पेठा आणि प्रत्येक पेठेत २५६ घरे. पत्त्याच्या वरच्या आठ तारा पेठेचा क्रमांक सांगतात, खालच्या आठ तारा घराचा. यांतील बहुतेक पेठांत स्मृती राहते. परंतु एकॉर्नच्या रचनाकारांनी तीन पेठा स्मृतीला न देता यंत्रांसाठी राखून ठेवल्या. त्यांना त्यांनी गमतीने माणसांची नावे दिली. २५२ वी पेठ ‘फ्रेड’, २५३ वी ‘जिम’ आणि २५४ वी ‘शीला’! शीला पेठ संगणकाच्या आतील यंत्रांसाठी होती. फ्रेड आणि जिम मात्र बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी.

या पाहुण्यांसाठी संगणकाच्या खालच्या बाजूला ३४ टाचण्यांची एक जोडणी आहे. तिला ‘एक मेगाहर्ट्झ बस’ म्हणतात, कारण तिचा ताल सेकंदाला दहा लाख स्पंदांचा. तिच्यावर माहितीच्या आठ तारा, घर क्रमांकाच्या आठ तारा, ‘वाच की लिही’ सांगणारी तार आणि घड्याळाची तार आहे. शिवाय ‘फ्रेडला हाक’ आणि ‘जिमला हाक’ अशा दोन निवडतारा आहेत. एरवी या दोन्ही १ वर असतात. प्रक्रियकाने त्या पेठेतील पत्ता पुकारला की तिची तार ० वर येते. या जोडणीत वीजपुरवठ्याची तार मात्र नाही. पाहुण्याने आपली शिदोरी वेगळ्या जोडणीतून घ्यायची!

कोरी पाटी असलेली चिप

चाळीस वर्षांपूर्वी असे जोडकार्ड बनवायचे तर तयार चिपा विकत आणाव्या लागत. चार तर्कद्वारांची एक चिप, आठ बिट धरून ठेवणारी दुसरी, असे करता करता वीस-पंचवीस चिपा डाख देऊन बसवायच्या. चूक झाली की डाख काढून पुन्हा जोडणी.

मोठ्या कारखान्यांनी यावर एक तोड काढली होती. हजारो तर्कद्वारे असलेली, पण ती एकमेकांशी न जोडलेली चिप आधी बनवून ठेवायची आणि गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे शेवटचा धातूचा थर चढवून ती जोडायची. इंग्लंडमधील फेरांटी कंपनी अशा चिपा करीत असे. बी.बी.सी. मायक्रोमध्ये अशा दोन चिपा होत्या. त्यांतील एक पडद्यावरचे चित्र घडवी. ही चिप तापत असे, म्हणून सुरुवातीच्या यंत्रांत तिच्यावर उष्णता काढून घेणारी धातूची पट्टी बसवलेली असे. पण धातूचा थर एकदा चढला की चढला. पुढे ती चिप बिघडली आणि कारखान्याने तिचे उत्पादन थांबवलेले असले, तर तिची जागा घेणारे बाजारात काहीच नसते.

समजा, धातूचा हा शेवटचा थर कारखान्यात न चढवता तुमच्या टेबलावर, हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा बदलता आला तर? हीच कल्पना अमेरिकेतील रॉस फ्रीमन यांना सुचली. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८४ साली झायलिंक्स ही कंपनी काढली आणि १९८५ साली तिने अशी पहिली चिप बाजारात आणली. तिच्यात ६४ तर्कखंड होते. अशा चिपेला ‘फील्ड प्रोग्रॅमेबल गेट ॲरे’ किंवा थोडक्यात एफ.पी.जी.ए. म्हणतात. वापरणाऱ्याच्या हाती आल्यानंतर जिची अंतर्गत जोडणी ठरवता येते, अशी तर्कद्वारांची मांडणी, हा त्याचा अर्थ.

तर्कद्वार नव्हे, उत्तरांचा तक्ता

या चिपेच्या आत तर्कद्वारे कशी बदलत असतील बरे? गंमत अशी की तेथे नेहमीच्या अर्थाने तर्कद्वारे नसतातच. तेथे असतात उत्तरांचे छोटे तक्ते.

‘आणि’ द्वाराचे उदाहरण घ्या. त्याला दोन तारा येतात. दोन्हींवर १ असेल तरच उत्तर १, नाहीतर ०. दोन तारांच्या एकूण स्थिती चारच: ००, ०१, १० आणि ११. आता एका कागदावर चार चौकोन काढा आणि त्यांत अनुक्रमे ०, ०, ०, १ लिहा. येणाऱ्या दोन तारांना चौकोनाचा क्रमांक माना आणि त्या चौकोनात लिहिलेला आकडा वाचा. तुमचा कागद ‘आणि’ द्वाराचे काम करू लागला! त्याच चौकोनांत ०, १, १, १ लिहिले तर तोच कागद ‘किंवा’ द्वार होतो. काहीही मोडावे-जोडावे लागत नाही, फक्त आकडे बदलायचे.

अनेक एफ.पी.जी.ए. चिपांत असा प्रत्येक तक्ता चार तारांचा असतो. चार तारांच्या स्थिती १६, म्हणून चौकोनही १६. सोळा चौकोनांत ० आणि १ भरण्याच्या एकूण रीती किती? २ चा सोळावा घात, म्हणजे पुन्हा ६५,५३६. मघाशी पत्त्यांची संख्याही तेवढीच आली होती आणि कारणही तेच आहे. चार तारांवर करता येण्याजोगे कोणतेही तर्ककाम या एका तक्त्यात मावते.

प्रत्येक तक्त्याला जोडून एक बिट धरून ठेवणारी एक कडी असते. घड्याळाचा स्पंद आला की ती उत्तर टिपून घेते आणि पुढच्या स्पंदापर्यंत सोडत नाही. तक्ता आणि कडी मिळून एक कोशिका. लॅटिस कंपनीच्या ‘आइस-४०’ मालिकेतील एका लहान चिपेत अशा १,२८० कोशिका आहेत. कोशिकांच्या मधून तारांचे जाळे पसरलेले असते आणि त्या जाळ्यात हजारो कळी असतात. कोणती कळ चालू आणि कोणती बंद, हेही ० आणि १ च्याच भाषेत लिहिलेले असते. वीज गेली की हे सारे पुसले जाते. म्हणून शेजारी एक कायम स्मृतीची चिप ठेवतात. वीज आली की एफ.पी.जी.ए. तिच्यातून आपला धडा पुन्हा वाचून घेते.

एक कार्ड बनवून पाहू

आता कागदावर एक खरे जोडकार्ड बनवू. आपल्याला बी.बी.सी. मायक्रोला ६४ किलोबाइट जादा स्मृती द्यायची आहे. पण जिम पेठेत घरे फक्त २५६! मग एवढी स्मृती मावायची कशी?

एकॉर्नच्या लोकांनी यावर सुरेख युक्ती योजली होती. जिम ही पेठ न मानता ती एक खिडकी माना. खिडकीमागे २५६ पानांचे एक पुस्तक आहे आणि प्रत्येक पानावर २५६ घरे आहेत. एका वेळी एकच पान खिडकीतून दिसते. २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६ बाइट, म्हणजेच ६४ किलोबाइट. कोणते पान समोर हवे, तो आकडा फ्रेड पेठेतील शेवटच्या घरात, म्हणजे २५५ क्रमांकाच्या घरात लिहायचा.

तेव्हा आपल्या कार्डाने ओळखायचे ते एवढेच: ‘फ्रेडच्या २५५ व्या घरात कोणी काही लिहीत आहे काय?’ याचे उत्तर ‘होय’ येण्यासाठी तीन गोष्टी एकदम घडायला हव्यात. फ्रेडची निवडतार ० वर हवी. ‘वाच की लिही’ तार ० वर हवी, कारण या संगणकात ० म्हणजे लिही. आणि घर क्रमांकाच्या आठही तारा १ वर हव्यात, कारण २५५ हा आकडा द्विमान पद्धतीत आठ एकांनी लिहितात.

एकूण दहा तारा झाल्या. आपला तक्ता तर चारच तारांचा. मग असे करू. घर क्रमांकाच्या पहिल्या चार तारा पहिल्या तक्त्याला देऊ. त्याच्या पंधरा चौकोनांत ० आणि शेवटच्या चौकोनात १. उरलेल्या चार तारा तशाच दुसऱ्या तक्त्याला. तिसऱ्या तक्त्याला पहिल्याचे उत्तर, दुसऱ्याचे उत्तर, फ्रेडची निवडतार आणि ‘वाच की लिही’ तार. झाले! तीन तक्त्यांत काम भागले. पानाचा आठ बिटांचा आकडा धरून ठेवायला आठ कड्या लागतील. म्हणजे १,२८० पैकी जेमतेम अकरा कोशिका खर्ची पडल्या. प्रत्यक्ष ६४ किलोबाइट मात्र या लहान चिपेत मावत नाहीत. त्यासाठी शेजारी स्मृतीची वेगळी चिप बसवायची, पानाचा आकडा आणि घर क्रमांक मिळून तिचा सोळा बिटांचा पत्ता होतो.

दाबांची जुळणी

कागदावरचे कार्ड तर झाले. पण प्रत्यक्ष जोडायला जाल तर पहिल्याच दिवशी चिप जळण्याची भीती. असे का?

जुन्या संगणकात ५ व्होल्टची वीज खेळते. तेथे ०.८ व्होल्टपेक्षा कमी दाब म्हणजे ० आणि २ व्होल्टपेक्षा जास्त दाब म्हणजे १, असा संकेत असतो. आजच्या एफ.पी.जी.ए. चिपेच्या टाचण्या बहुधा ३.३ व्होल्टच्या. चिप बोलते तेव्हा अडचण नाही, कारण ३.३ हा आकडा २ पेक्षा मोठाच आहे. संगणकाला तो १ म्हणून कळतो. अडचण येते ती चिप ऐकते तेव्हा. पाच व्होल्टपर्यंत चढणारा दाब तिच्या नाजूक टाचणीवर आला तर ती कायमची निकामी होऊ शकते.

म्हणून दोघांच्या मध्ये दुभाषे बसवतात. ७४-एल.व्ही.सी.-२४५ ही अशीच एक चिप. ती स्वतः ३.३ व्होल्टवर चालते, पण तिच्याकडे येणारे ५ व्होल्ट निमूटपणे सोसते. तिच्यात आठ तारांची सोय असते आणि दोन जादा टाचण्या असतात. एक टाचणी बोलण्याची दिशा ठरवते, दुसरी संपूर्ण दुभाष्याला गप्प बसवते.

ही गप्प बसवणारी टाचणी फार महत्त्वाची. माहितीच्या तारा समाईक आहेत. एकाच तारेवर एक चिप ५ व्होल्ट लावत असेल आणि त्याच क्षणी दुसरी ती तार ० कडे ओढत असेल, तर सरळ मंडलसंक्षेप होतो, म्हणजे ज्याला आपण शॉर्टसर्किट म्हणतो. वर्गात एकाच वेळी दोघांनी उत्तर दिले तर गोंधळ होतो. येथे चिपा तापतात. म्हणून नियम असा: प्रक्रियक वाचत असेल, हाक आपल्याच पेठेला असेल आणि घड्याळ वर असेल, तेव्हाच कार्डाने तोंड उघडायचे. एफ.पी.जी.ए. आपला धडा वाचत असते तेवढ्या क्षणभरही दुभाष्याने गप्प राहिले पाहिजे. म्हणून त्याची ती टाचणी एका रोधामार्फत ‘गप्प’ या स्थितीला बांधून ठेवतात.

खोटी हाक

दुसरी अडचण वेळेची. आणि ही अधिक फसवी आहे.

प्रक्रियक सेकंदाला वीस लाख स्पंदांनी धावतो, तर जोडणीचे घड्याळ दहा लाखांनी. प्रक्रियकाने फ्रेडला हाक मारली, तेव्हा जोडणीचे घड्याळ नेमके अर्ध्यावर असू शकते. अशा वेळी संगणक प्रक्रियकाला पुढच्या पूर्ण स्पंदापर्यंत थांबवून धरतो. परंतु निवडतार तर आधीच खाली आलेली असते! कार्डाला प्रथम एक अर्धवट हाक ऐकू येते आणि मग खरी. साध्या स्मृतीला याचा फारसा त्रास होत नाही. पण कार्डावर एखादे मोजणीयंत्र असेल, तर ते एकाच घटनेला दोन मोजते. आठवडाभर डोके खाजवूनही चूक सापडत नाही, ती अशा ठिकाणी.

यावरचा उपाय मात्र सोपा आहे. घड्याळ खाली असताना निवडतारेची जी स्थिती दिसेल, तीच घड्याळ वर असेपर्यंत धरून ठेवायची. मधेच झालेला बदल जमेस धरायचा नाही. मग लिहिण्याची वेळ असेल, तर घड्याळ खाली उतरताना माहितीच्या तारांवर जे असेल ते टिपायचे. पूर्वी यासाठी वेगळ्या चिपा लागत. एफ.पी.जी.ए.मध्ये दोन-चार कोशिका पुरतात. शिवाय तिचे स्वतःचे घड्याळ सेकंदाला पाच कोटी स्पंदांचे ठेवले, तर तिला दर २० नॅनोसेकंदांनी तारांकडे पाहता येते. जोडणीच्या एका स्पंदात अशी पन्नास निरीक्षणे होतात. म्हाताऱ्या संगणकाची एक पापणी लवते न लवते तोच ही पन्नास वेळा पाहून घेते!

शब्दांतून घडणारे यंत्र

हजारो चौकोन कोणी हाताने भरत नाही. रचनाकार आपले मंडल ‘व्हेरिलॉग’सारख्या वर्णनभाषेत लिहितो. ‘निवडतार शून्य असेल, लिहिण्याची खूण असेल आणि घर क्रमांक २५५ असेल, तर माहिती पानाच्या आकड्यात साठव,’ अशा अर्थाची वाक्ये त्यात असतात. मग एक संगणक-कार्यक्रम या वाक्यांचे तक्त्यांत रूपांतर करतो. दुसरा कोणता तक्ता चिपेत कोठे बसवायचा आणि कोणत्या तारेने जोडायचा ते ठरवतो. तिसरा त्याची ० आणि १ ची माळ गुंफतो.

बराच काळ हे कार्यक्रम फक्त चिप बनवणाऱ्या कंपन्यांकडेच असत आणि त्या माळेतील कोणता मणी कोणत्या कळीचा, हे गुपित असे. २०१५ साली ‘आइसस्टॉर्म’ नावाच्या प्रकल्पाने आइस-४० मालिकेतील चिपांचे हे गुपित प्रयोगांनी उलगडले आणि सर्वांसाठी खुले केले. ‘योसिस’ आणि ‘नेक्स्ट-पी.एन.आर.’ हे खुले कार्यक्रम उरलेली दोन कामे करतात. कार्डाच्या छापील जोडणीचा आराखडा काढायला ‘कायकॅड’ हा मोफत कार्यक्रम आहे. झां-पिएर शारास यांनी त्याची सुरुवात १९९२ साली केली होती. आज हे सारे साहित्य शाळेतल्या साध्या संगणकावरही चालवता येते.

खुले कशासाठी?

आता खरा प्रश्न. आपण बनवलेल्या कार्डाचा आराखडा जगाला फुकट का वाटायचा?

याचे उत्तर जुन्या संगणकांच्या कथेतच आहे. झायलॉग कंपनीची झेड-८० ही चिप १९७६ साली आली आणि असंख्य घरगुती संगणकांत बसली. तिचे उत्पादन बंद करण्याचे कंपनीने २०२४ साली जाहीर केले. अठ्ठेचाळीस वर्षे, म्हणजे चिपेच्या मानाने दीर्घायुष्यच. पण अखेर ते संपले. एवढेच काय, जुन्या चिपांची जागा घेण्यासाठी हौशी लोक झायलिंक्सच्या एक्स.सी.-९५०० एक्स.एल. मालिकेतील ज्या छोट्या चिपा वापरत, त्यांचे उत्पादन थांबवण्याचेही त्याच वर्षी जाहीर झाले. म्हणजे औषधही म्हातारे होते!

मग टिकते काय? टिकते ते वर्णन. झेड-८० कशी वागते हे वर्णनभाषेत लिहिलेले असेल, तर ते आज एका चिपेत भरता येते आणि उद्या दुसरीत. ‘मॅचबॉक्स को-प्रोसेसर’ नावाचे बी.बी.सी. मायक्रोचे एक खुले कार्ड हेच करते. ते नावाप्रमाणेच छोटेखानी आहे, पण त्यातील एफ.पी.जी.ए. हवी तर ६५०२ होते, हवी तर झेड-८०.

परंतु हे वर्णन एका माणसाच्या कपाटात बंद असेल, तर त्या माणसाबरोबर तेही जाते. ते खुले असेल, तर कोणीतरी दुसरा ते उचलतो, त्यातील चूक दुरुस्त करतो, बाजारात मिळणाऱ्या नव्या चिपेसाठी त्याचा आराखडा पुन्हा काढतो. आपल्याकडे घराण्यातच गुप्त राहिलेल्या किती कला आणि किती औषधे अशीच लोपली, हे तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. खुलेपणालाही नियम मात्र असतात. यंत्रांच्या आराखड्यांसाठी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने २०११ साली एक खुला परवाना तयार केला. आराखडा वापरा, बदला, विका. पण मूळ रचनाकाराचे नाव राखा आणि परवाना सांगेल त्याप्रमाणे आपले बदलही खुले ठेवा, असा या परंपरेचा आशय आहे.

किल्ली सापडली

आता आपण आरंभीच्या तबकड्यांकडे परत जाऊ. त्या वाचण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. २००२ साली इंग्लंडमधील लीड्स व अमेरिकेतील मिशिगन या विद्यापीठांनी जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम दाखवला. २०११ साली बी.बी.सी.ने लोकांनी लिहिलेला मजकूर सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध केला.

त्यानंतर ‘डूम्सडे ८६’ या हौशी अभियंत्यांच्या खुल्या प्रकल्पाने दोन कार्डे तयार केली. पहिले ‘बीब-स्कझी’. ते जुन्या संगणकाला जोडले की संगणकाला वाटते, आपल्याशी ते जुने तबकडी-यंत्र वा चकतीच बोलत आहे. प्रत्यक्षात माहिती येत असते आजच्या नखाएवढ्या स्मृतिकार्डावरून! दुसरे ‘डूम्सडे डुप्लिकेटर’. ते तबकडीवरून परावर्तित झालेल्या लेसरचा मूळ संकेतच सेकंदाला चार कोटी वेळा मोजते. प्रत्येक मोजमाप दहा बिटांचे. मोजमापांचा हा लोंढा झेलून पुढे पाठवण्याचे काम एफ.पी.जी.ए. करते. तबकडीवर जे काही आहे ते सर्व एकदा टिपले गेले की पुढे वाचनयंत्र उरो वा न उरो. दोन्ही कार्डांचे आराखडे खुले आहेत.

१९८६ साली शाळेत असलेल्या ज्या मुलांनी आपल्या गावातील दुकाने, खेळ आणि जेवणाचे पदार्थ यांची टिपणे लिहिली, ती मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांचे लिखाण त्यांच्या नातवंडांना वाचता येईल की नाही, हे अशा हातभर रुंदीच्याही नसलेल्या कार्डांनी ठरवले.

नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र टिकले, कारण ते वाचायला डोळे आणि भाषेचे ज्ञान एवढेच लागत होते. आपल्या काळातील मजकूर वाचायला यंत्र लागते. म्हणून मजकुराबरोबर यंत्राचेही वर्णन पुढच्या पिढीच्या हाती द्यायला हवे. ते कोणालाही वाचता येईल असे, उघड्या अक्षरांत.

करून पाहा

१. दोन तारांचा चार चौकोनी तक्ता कागदावर काढा. दोन्ही तारा सारख्या असतील तेव्हा ० आणि वेगळ्या असतील तेव्हा १ असे उत्तर हवे असेल, तर चौकोन कसे भराल? जिन्यातील दिवा वरून आणि खालून, दोन्ही बटणांनी चालू-बंद करता येतो. त्याचा या तक्त्याशी काय संबंध?

२. फ्रेड पेठेच्या २५५ व्या घराचा संपूर्ण पत्ता दशमान पद्धतीत किती? पेठांची आणि घरांची मोजणी शून्यापासून होते हे विसरू नका.

३. वर्गातील एक जण प्रक्रियक, एक जण घड्याळ आणि चार जण चार पेठा व्हा. घड्याळाने टाळी वाजवल्याशिवाय कोणत्याही पेठेने बोलायचे नाही. मग प्रक्रियकाने टाळीच्या अधेमध्ये हाक मारून पाहावी. किती जण फसतात?

शिक्षकांसाठी सूचना: शाळेच्या अडगळीत जुना संगणक सापडला, तर तो लगेच विजेला जोडू नये. त्याच्या वीजपुरवठ्यातील धारित्रे वर्षानुवर्षे पडून राहिल्याने तडकलेली असू शकतात आणि वीज लावताच फुटून धूर होऊ शकतो. प्रथम जाणकाराकडून ती बदलून घ्यावीत. मुलांना वीजपुरवठ्याची पेटी उघडू देऊ नये.

उत्तरे: १. ०, १, १, ०. जिन्यातील दोन बटणे हेच काम करतात, म्हणजे कोणतेही एक बटण बदलले की दिव्याची स्थिती बदलते. २. २५२ गुणिले २५६, अधिक २५५, म्हणजे ६४,७६७.